जित्या माणसाची घागर

दर अक्षयतृतीयेला आमच्या घरात एक घागर अशा माणसाच्या नावानं भरली जायची, ज्याचं प्रेत कोणीच पाहिलं नव्हतं. तो माझ्या आज्याचा मोठा भाऊ. मोठ्या लढाईच्या काळात तो चांद्याच्या बाजारातून फौजेत भरती झाला, तिकडे वाळवंटात पकडला गेला आणि इटलीच्या कैदेत पडला, एवढंच गावाला माहीत होतं. पुढे तो लापता असल्याची खबर आली. घरच्यांनी बरीच वाट पाहिली. मग पंच बसले, तलावाच्या पाळीखाली, बांधाच्या पायथ्याशी, कणकेचा पुतळा जाळला आणि तेरवी उरकली. त्याची बायको तेव्हा अगदी पोरसवदा होती. आम्ही ढिवर, मासेमारी करणारे. आमच्यात विधवेचा पाट लागतो आणि घरात लहाना दीर असला तर त्याच्याशीच लागतो. तो लहाना दीर म्हणजे माझा आजा आणि ती विधवा म्हणजे माझी आजी. गोंडपिपरी तालुक्यातल्या आमच्या गावात यात कोणाला काही वावगं वाटलं नाही, मलाही कधी वाटलं नव्हतं.

आमच्याकडे पितरांचं काम कावळ्यावर भागत नाही. जिवंत माणूस बोलवावा लागतो. मेलेल्याच्या नावानं घागर भरायची, तिच्यापुढे पिढं मांडायचं, बोलावलेल्या माणसाचे पाय धुवायचे आणि त्याला पोटभर जेवू घालायचं. तेवढ्या वेळेपुरता तो पित्तर. जेवण झालं की घरची बाई विचारते, पोट भरलं का? तो म्हणतो, भरलं. मग मेलेला सुटला असं धरतात. एकच अट असते, पित्तर आपल्या भाऊबंदातला नको. आमच्याकडे ही जागा शेजारच्या म्हाताऱ्यानं धरून ठेवली होती. तो दुसऱ्या गावाहून घरजावई म्हणून आलेला, त्यामुळे अटीत बसायचा. आमच्या मोठ्या आज्याच्या नावानं त्यानं इतके वडे हाणले होते की मी त्याला चिडवायचो, "बुढ्या, इटलीत मेला तो अन् फुगला तू."

नव्वदच्या दशकाची पाच-सहा वर्षं उलटली होती. मी एसटीत कंडक्टर होतो आणि चंद्रपूरहून गोंडपिपरी, आष्टी करत आलापल्लीच्या पुढे जंगलात जाणारी गाडी माझ्याकडे असायची. त्या हिवाळ्यात आजा खोकल्यानं पार खंगला होता, तरी जाळं सोडत नव्हता. एका दुपारी तो अंगणात जाळं सांधत होता आणि मी दुसरं टोक ताणून धरलं होतं. आजी तलावावर गेली होती. हातातलं काम न थांबवता आजा म्हणाला, "तो आला होता."

"कोन?"

"माह्या भाऊ. लढाई सरल्यावर. मी तलावावर जाळं टाकून राह्यलो होतो. पाळीवर येऊन उभा झाला. अंगात फौजेचा फाटका कोट."

माझ्या हातातलं जाळं सैल झालं. तो ओरडला, "ताणून धर!"

मग त्यानं सांगितलं. भावाला त्यानं तिथेच पाळीवर अडवलं आणि म्हटलं, तुझी तेरवी झाली, तुझ्या बायकोचा माझ्याशी पाट लागला, पाळण्यात पोरगं आहे. भाऊ फिरला आणि नदीच्या दिशेनं चालता झाला. वैनगंगेपल्याड गेला, असं डोंगेवाल्याकडून नंतर कळलं.

"मंग? खरंच तर सांगितलं तू," मी म्हणालो.

"पाट लागला नव्हता," आजा म्हणाला. "लावू लावू म्हणून राह्यले होते पंच. पाळणाबी नव्हता अन् पोरगंबी नव्हतं. तुही आजी मले आवडे. बस, एवढंच कारन."

मला इतका राग आला की जाळं टाकून उठावंसं वाटलं. मी उठलो नाही. कारण त्याच वेळी डोक्यात दुसरंही काही शिरलं. नंतर पाळण्यात आलेलं ते पोरगं म्हणजे माझा बाप. आजा त्या दिवशी खरं बोलला असता तर माझा बाप जन्मला नसता आणि मीही नसतो. माझी नोकरी, माझी बायको, माझी लेक, झालंच तर हे माझं तापट डोकं, सगळं त्या एका थापेवर उभं होतं. दुसऱ्याच्या पानातलं उचलून खाल्लं आणि ते पचलंसुद्धा, अशी काहीतरी शरम मला वाटली. ती आजही गेलेली नाही.

"तो जिता आहे का पाह्य," आजा म्हणाला. "अन् तुह्या आजीले सांगू नको."

थंडी संपायच्या आत आजा गेला. आजीनं बांगड्या फोडल्या, कुंकू पुसलं. एका जन्मात दुसऱ्यांदा. पहिल्यांदा तिनं ज्याच्यासाठी हे केलं तो कदाचित नदीपलीकडे बसून भात खात असेल, हे मला ठाऊक होतं आणि मी तिच्या पाठीवर हात ठेवून गप्प बसलो होतो. सांगायला किती वेळा तोंड उघडलं असेल. दर वेळी काहीतरी दुसरंच बोललो. म्हातारीला कशाला त्रास, असं स्वतःला समजवायचो. खरं तर ती माझ्या बापाकडे आणि माझ्याकडे कशी बघेल, याची मला धास्ती होती.

शोधायला मात्र लागलो. जंगलातल्या थांब्यांवर चढणाऱ्या म्हाताऱ्याकोताऱ्यांना विचारायचो, तुमच्या बाजूला कोणी जुना फौजी आहे का? पण अंगात कंडक्टरची खाकी. नक्षलींच्या त्या दिवसांत तिकडे खाकी घालून कोणी माणसांची चौकशी केली की लोक एकदम मुके व्हायचे. माझ्याकडे बघायचे, खिडकीबाहेर बघायचे, तिकीट घट्ट धरून बसायचे. मी भडकायचो, मग त्यांचंच बरोबर आहे हे पटायचं. शेवटी सुटीच्या दिवशी साधा सदरा घालून त्याच गाडीनं प्रवासी म्हणून फिरायला लागलो. बायको म्हणायची, "रोज गाडीत राहून पोट नाई भरत का तुमचं?"

सुगावा लागला तो दुधामुळे. एक गोंड बाई मोहफुलांची टोपली मांडीवर घेऊन माझ्या शेजारी बसली होती. मला सदऱ्यातही ओळखून तिनं स्वतःच गप्पा काढल्या आणि बोलता बोलता गावातल्या एका म्हाताऱ्यावर हसायला लागली. "आमच्याकडं बकरीचं दूध तिच्या पिलासाठी, कंडक्टर भाऊ. आम्ही पिळत नाई. हा बुढा पिळते, नासवते, फडक्यात बांधते, मीठ लावून छपराले टांगते अन् मंग खाते! वास येते, तरी खाते."

"कुठचा बुढा?"

"तुमच्याच तिकडचा, नदीच्या तिकडचा. लई सालापासून आमच्यात आहे. जाळं विनाले त्यानंच शिकवलं आमच्या मानसाले. चिडला का अशी बोली बोलते, ना आमची, ना तुमची, ना सिरोंच्याकडची तेलगू."

पुढच्या थांब्यावर मी तिच्यासोबत उतरलो.

तो मोहाच्या झाडाखाली बसून जाळ्याला शिशाचे मणी ओवत होता. उंच, वाळलेला, डोळे आज्याचेच. मी जोहार केला आणि गावाचं नाव सांगितलं. त्याचे हात थांबले. मग त्यानं मला नीट न्याहाळलं आणि म्हणाला, "लहान्याचा नातू होय तू. कान त्याचेच आहेत. तो बरा आहे?"

मी म्हणालो, "गेला. हिवाळ्यात."

त्यानं हातातले मणी खाली ठेवले. आज्यानं मला सांगितलेलं सगळं मी तिथेच एका दमात सांगून टाकलं. पाट लागला नव्हता, पाळणा नव्हता, तुला खोटं सांगितलं. मला वाटलं होतं हे ऐकून तो कोसळेल किंवा मला हाकलून देईल. हाकलून दिलं असतं तर मला बरंच वाटलं असतं.

"ते मले तेव्हाच समजलं होतं," तो म्हणाला. "पलीकडच्या पाळीवर तुही आजी धुनं धुवून राह्यली होती. हात उघडे होते. पाट लागलेल्या बाईच्या हातात बांगड्या नाई राहत का?"

"मंग घरी काऊन नाई गेले तुम्ही?" माझा आवाज चढला. "उभं राहून त्याच्या तोंडावर काऊन नाई म्हटलं?"

तो चिडला नाही. छपराला टांगलेलं फडकं सोडून त्यानं त्या पांढऱ्या गोळ्याचा तुकडा माझ्या हातावर ठेवला. मी खाल्ला. खारट होता, वास होताच, पण बरा लागला. मग तो सांगायला लागला. इटलीनं हत्यारं टाकली तसा कैदेतला पहारा एके दिवशी पळून गेला आणि हे कैदीही डोंगरात पांगले. तिथे मेंढरं पाळणाऱ्या एका म्हातारीनं त्याला गोठ्यात लपवलं.

"तिचा पोरगा लढाईत गेला होता. खबर नव्हती. ते म्हातारी मले त्याच्या जागी बसवे, त्याच्या ताटात वाढे. मी जेवो. दूध नासवाले तिनंच शिकवलं. हिवाळा निघाला, मले बरं वाटे, खोटं काऊन बोलू. मंग एक दिवस तो पोरगा आला. दारात उभा. पाहे, तर मी त्याच्या जागी बसून जेवून राह्यलो. त्याचं तोंड पाह्यलं मी, बाबू. पाळीवर तुह्या आजा थाप मारून राह्यला होता, अन् मले वाटलं, तसंच तोंड आता माह्यं झालं असंन. ते तोंड घेऊन मले घरात नव्हतं जायचं."

निघताना त्यानं विचारलं, "माह्या नावाची घागर भरतात?"

मी मान हलवली. तो हसला. "या वर्षी मले बोलव. मानूस म्हणून नको, पित्तर म्हणून बोलव. तिचं तोंड पाह्यतो, जेवतो अन् येतो. नाव सांगू नको."

नाही म्हणायला हवं होतं. आधी तिला सांगतो, मग या, एवढं बोलायला काय लागत होतं? पण मला सुटल्यासारखं झालं. त्यानंच सांगू नको म्हटलं होतं, म्हणजे ती जबाबदारी माझ्यावर राहिली नव्हती. शिवाय आजीनंही सांगून ठेवलं होतं, की यंदा आज्याच्या नावाची नवी घागर आहे, दुसरा पित्तर पाहिजे, गाडीत इतके बुढे बसतात त्यातला एखादा घेऊन ये. मी मनात सगळं जुळवून टाकलं. हा आपल्या जागेवर बसेल आणि शेजारच्या म्हाताऱ्याला आज्याच्या जागेवर बसवू.

सणाच्या सकाळी मी त्याला घेऊन आलो. आजीच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला. तिनं विचारलं, "कोन गावचे, भाऊ?" त्यानं जंगलातलं गाव सांगितलं. ओसरीत दोन घागरी भरलेल्या होत्या, दोन पिढी मांडलेली होती, पानांवर भात, वडे, सेवया आणि चिंचवणी वाढलेली. आणि आम्ही हातपाय धुवून येईपर्यंत शेजारचा म्हातारा सवयीनं आपल्या नेहमीच्या पिढ्यावर, म्हणजे इटलीत मेलेल्याच्या पिढ्यावर, मांडी घालून बसलासुद्धा.

हे माझ्या मनात आलंच नव्हतं. मोठा आजा उभा राहिला. रिकाम्या पिढ्याकडे बोट करून त्यानं विचारलं, "हे कोनाचं?"

"माह्या मालकाचं," आजी म्हणाली. "हिवाळ्यात गेले. बसा भाऊ, त्यायच्या नावानं पोटभर जेवा."

तो माझ्याकडे बघत होता. मी एक शब्द बोलायला हवा होता. बुढ्या, तू इकडे सरक, एवढंच. कोणाला काही कळलंही नसतं. ज्यानं घरात पाऊल ठेवू दिलं नाही, त्याच्या नावानं जेवायला मी या माणसाला जंगलातून इथवर आणलं होतं आणि आता खाली मान घालून उभा होतो.

तो बसला. आजीनं त्याचे पाय धुतले, पुसले. त्याच्याच मरणाचं जेवण समोर शेजारचा म्हातारा मन लावून जेवत होता. मोठ्या आज्यानं आपल्या पानातला पहिला वडा उचलला. तोंडाकडे नेला नाही. हात लांब करून तो शेजारच्या म्हाताऱ्याच्या पानात ठेवला.

"अरे! पित्तर पित्तराले देते का कधी?" शेजारचा म्हातारा दचकून म्हणाला.

आजीच्या हातात चिंचवणीचा गडवा होता. तो तिथेच थांबला. मग तिनं दोघांनाही चिंचवणी वाढली, भात वाढला. जेवण झाल्यावर तिनं शेजाऱ्याला विचारलं, पोट भरलं का? तो ढेकर देऊन म्हणाला, भरलं. मग दुसऱ्या पिढ्यापुढे ती जास्त वेळ वाकून राहिली.

"पोट भरलं का?"

आज्याला सोडायचं की नाही हे आता त्याच्या तोंडी होतं आणि तिथे हे समजणारे आम्ही दोघंच आहोत, असं मला वाटत होतं.

"भरलं," तो म्हणाला. "काही बाकी नाई."

त्याला दुपारच्या गाडीत बसवून मी घरी आलो, तेव्हा आजी ओसरीतल्या दोन्ही घागरींकडे बघत बसली होती.

"पुढच्या सालापासून एकच घागर भरजो," ती म्हणाली. "जित्या मानसाची घागर भरत नाईत."

मी तिच्याशेजारी जाऊन बसलो.

"माह्या लग्नाच्या पहिल्या साली पाहत जाओ मी. तो आपल्या पानातला पहिला वडा लहान्याच्या पानात टाके, मंग जेवे. आज लहान्याच्या जागेवर बसला, तर तो वडा मोठ्याच्या पानात वापस करून टाकला." मग ती माझ्याकडे वळली. आवाज अजिबात चढला नाही तिचा. "तुले कधीपासून माहीत आहे?"

मी सगळं सांगितलं. पाळीवरची थाप, उघडे हात, मेंढरंवाली म्हातारी. ती रडेल असं वाटलं, आज्याला शिव्या देईल असं वाटलं. तिनं फक्त सगळं ऐकून घेतलं.

"लहान्यानं पाळीवर ठरवलं, मी त्याची," ती म्हणाली. "मोठ्यानं पाळीवरूनच ठरवलं, मी लहान्याची. आता तू ठरवलं, मले सांगाचं नाई. मी तितंच होतो ना रे, त्याच तलावावर. आवाज देला असता तर ऐकू आला असता. मले कोनं इचारलं?"

मी पाया पडलो तर तिनं पाय मागे घेतले. इतके दिवस मी माझ्या जन्माची शरम उरापोटाशी घेऊन हिंडत होतो आणि त्याचं मला मनातून थोडं कौतुकही होतं. तो अपराध माझा नव्हताच. माझा होता तो हा, आणि तो मी डोळे उघडे ठेवून, सणाच्या दिवशी, तिच्याच ओसरीत केला होता.

काही दिवसांनी तिनं धुतलेलं लुगडं नेसलं आणि माझ्या ड्युटीच्या वेळेला थांब्यावर येऊन उभी राहिली. मी तिला पुढच्या सीटवर खिडकीपाशी बसवलं. त्या गावाच्या थांब्यावर गाडी थांबली तेव्हा मी तिचा हात धरून उतरायला लागलो, तर तिनं हात सोडवून घेतला. "तू जा. तुह्या गाडीचे लोक खोळंबतात."

"तुले दिसत नाई, आजी. वाट—"

"इचारून इचारून जाईन."

मी घंटी वाजवली. शेवटच्या गावापर्यंत गेलो, तिकिटं कोणाला किती दिली याचा धड पत्ता नव्हता. परतताना ती त्याच थांब्यावर एकटी उभी होती. हातात फडक्यात बांधलेलं काहीतरी होतं, त्याचा वास गाडीत चढल्याबरोबर पसरला. लोकांनी नाकं मुरडली. ती खिडकीपाशी बसली आणि तिनं गाठ सोडून त्यातला तुकडा तोंडात टाकला.

तिथे काय बोलणं झालं हे तिनं मला कधीच सांगितलं नाही. घरी आल्यावर तिनं फडकं सोडलं, माझ्या बापाला दिलं, माझ्या बायकोला दिलं, माझ्या लेकीच्या हातावर ठेवलं. मीही हात पुढे केला. तिनं फडक्याची गाठ मारली आणि ते छपराच्या बांबूला टांगून दिलं.